एक ओहमचा कज्जा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे लेथ यंत्रांची घरघर सकाळी एकदा सुरू झाली की दिवेलागणीपर्यंत खंडत नाही, तेथल्या एका बोळाच्या तोंडाशी मोटारींत ध्वनियंत्रे बसवून देणाऱ्या बाबूरावांचे दुकान आहे. आणि त्या दुकानात एका शनिवारी दुपारी, पुतण्याच्या खिशातील रक्कम वाजवीपेक्षा अधिक खर्ची पडू नये एवढ्याच हेतूने, मी आणि आमचे शेजारी नाना असे दोघे वडीलधारे जाऊन बसलो होतो. नाना डाकतार खात्यातून निवृत्त झालेले. २०१३ सालच्या जुलैत देशातील तारसेवा कायमची बंद झाली, त्या दिवशी नाना दोन वेळा जेवले नाहीत असे त्यांच्या घरून सांगतात. विद्युत् हा विषय आपल्या खात्याच्या मालकीचा असून इतरांनी तो केवळ मक्त्याने घेतला आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

पुतण्याने आणलेला ऐवज असा: बारा इंची दोन सबवुफर, प्रत्येकात दोन वेटोळी, म्हणजे बाजारच्या भाषेत ‘डबल कॉईल’, प्रत्येक वेटोळे चार ओहमचे, आणि एक मोनोब्लॉक अँप्लिफायर, ज्याच्या पाठीवर चार ओहमला ३०० वॅट, दोन ओहमला ५०० वॅट आणि एक ओहमला ८०० वॅट अशी तीन कलमांची सनद छापलेली. एकंदर वेटोळी चार. ती एकमेकांस कोणत्या रीतीने जोडावीत एवढाच वरकरणी प्रश्न होता, आणि बाबूरावांच्या मते तोही प्रश्न नव्हता.

“चारी कॉईल समांतर टाकायच्या, एक ओहम येतोय, अँपची पुरी ताकद बाहेर पडतीय,” बाबूराव म्हणाले. “यात विचारायचं काय आहे?”

“विचारायचे हे आहे,” नाना म्हणाले, “की ताकद कोणाची आणि ती भरणार कोण.”

पुतण्याला समांतर म्हणजे काय येथपासूनच अंधार होता, म्हणून नानांनी त्याला जकातीचा दाखला दिला. एकाच रस्त्यावर एकापुढे एक दोन जकात नाके बसविले की प्रत्येक गाडीला दोन्हीकडे थांबावे लागते, खोळंबा दुप्पट होतो. ही एकसर जोडणी, चार आणि चार मिळून आठ ओहम. तेच दोन नाके शेजारशेजारच्या दोन रस्त्यांवर बसविले की वाहतूक दुभागते आणि खोळंबा निम्मा होतो. ही समांतर जोडणी, चार आणि चार मिळून दोन. पुतण्याने वहीत आकडे मांडले. चारही वेटोळी एकसर जोडली तर सोळा. चारही समांतर जोडली तर एक. प्रत्येक वुफरची दोन वेटोळी आधी एकसर जोडून मग ते दोन वुफर समांतर केले तर चार. आणि उलट, आधी समांतर करून मग एकसर जोडले तरीही चारच. “मग दोन कुठून आणायचे?” त्याने विचारले, कारण ५०० वॅटचे मधले कलम त्याला दोन्ही वडीलधाऱ्यांचा मान राखणारे वाटत होते. दोन कोठूनही येत नव्हते. त्यासाठी दोन-दोन ओहमच्या वेटोळ्यांचे वुफर घ्यावयास हवे होते. ते प्रत्येकी एकसर केले असते तर चार, आणि दोघे समांतर केले असते तर नेमके दोन. खरेदी करण्यापूर्वी जोडणीचा हिशेब मांडावा, ही गोष्ट खरेदी झाल्यानंतरच ध्यानात येते. आमच्या घराण्यात तर हा शिरस्ताच आहे.

नानांचा पहिला आक्षेप तत्त्वाचा होता. “आमच्या खात्यात,” ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “ध्वनीची लाइन ६०० ओहमची मानीत. पाठविणारे यंत्र ६००, लाइन ६००, घेणारे यंत्र ६००. देणारा आणि घेणारा यांचा संरोध समसमान असला तरच घेणाऱ्याच्या पदरी जास्तीत जास्त शक्ती पडते, हा गणिताने सिद्ध झालेला सिद्धांत आहे. यालाच योग्य संरोध म्हणतात. तुमच्या या अँप्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत संरोध किती आहे, हे न पाहताच तुम्ही एक ओहम कसा ठरवता?”

मला वाटले की बाबूराव आता निरुत्तर होणार. पण ते हसले आणि हातातला पेचकस टेबलावर ठेवून म्हणाले, “नाना, ह्या अँपच्या पोटातला रोध एका ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा आहे बघा. तुमच्या हिशेबानं मी त्याला जोडीदार आणायचा म्हटला तर शंभराव्या हिश्श्याचाच स्पीकर आणावा लागंल, आणि तो लावला रे लावला की अँप धूर काढून मोकळा होईल. आणि दुसरं सांगू? तुमच्या त्या समसमान कारभारात निम्मी शक्ती देणाऱ्याच्याच अंगात जिरती. खरं का खोटं?”

“खरे आहे,” नाना म्हणाले. आणि हे उत्तर देताना त्यांनी जो एक क्षण घेतला त्यातच त्यांचा थोरपणा होता. ६०० ओहमच्या लाइनीवर ते खाते एका मिलिवॅटचा, म्हणजे ०.७७५ व्होल्टचा, व्यवहार प्रमाण मानीत असे. त्या मापात निम्मी शक्ती देणाऱ्याच्या पोटात राहिली तरी कोणाच्या हाताला चटका बसत नव्हता. शेकडो वॅटच्या व्यवहारात तोच न्याय लावणे म्हणजे धान्याच्या कोठारात सोनाराचा काटा नेण्यासारखे होते. ‘योग्य संरोध’ हे दोघांच्या तोंडी असलेले शब्द दोन निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळ्या अर्थाने वाढले होते: एकाच्या ठिकाणी त्याचा अर्थ जोडीदार, दुसऱ्याच्या ठिकाणी त्याचा अर्थ हद्द. बाबूरावांचा अँप्लिफायर आपल्याला अमुकच ओहम हवेत असे म्हणत नाही. अमक्याच्या खाली नेऊ नका, एवढेच म्हणतो. जुन्या पुलाच्या तोंडाशी सार्वजनिक बांधकाम खात्याने लावलेल्या वजनाच्या पाटीसारखी ती पाटी आहे. फरक इतकाच की येथे आकडा जितका लहान तितके वजन जड, आणि म्हणूनच कारागीर लोक त्याला ‘लोड’ म्हणतात.

परंतु एक तत्त्व हातचे गेले म्हणून नाना बरखास्त होणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी चष्मा लावला, अँप्लिफायर उलटा केला आणि त्याच्या पाठीवरची सनद पुन्हा वाचली. “बाबूराव, चार ओहमला ३०० वॅट म्हणजे सुमारे ३४.६ व्होल्ट. हेच व्होल्ट कायम राहिले तर दोन ओहमला ६०० आणि एक ओहमला १,२०० वॅट निघावयास हवेत. येथे ८०० लिहिले आहेत. उरलेले चारशे कोठे गेले?”

“तुम्ही ऑडिटला आलाय काय?”

“एक ओहमला ८०० म्हणजे २८.३ व्होल्ट. चौतीसचे अठ्ठावीस झाले. का झाले?”

का झाले ते बाबूरावांना पुरते ठाऊक होते, आणि विचारले गेल्यावर त्यांनी ते लपविलेही नाही. मोटारीचा वीजपुरवठा मुळात बारा व्होल्टचा, इंजिन चालू असता फार तर साडेचौदाच्या जवळपास जाणारा. एवढ्या दाबावर, मध्ये काही युक्ती न करता, डॅशबोर्डातला रेडिओ चार ओहमच्या स्पीकरला अव्वल हिशेबानेही २५-२६ वॅटच्या पलीकडे काही देऊ शकत नाही, मग त्याच्या खोक्यावर चार गुणिले पन्नास असे कितीही ठसठशीत छापलेले असो. घरातले स्पीकर बहुधा आठ ओहमचे आणि मोटारीतले चार ओहमचे असतात त्याचे कारण हेच: दाब वाढविता येत नाही, तेव्हा अडथळा कमी करून प्रवाह वाढवावयाचा. मोठा अँप्लिफायर दुसरी वाट धरतो. बारा व्होल्टांचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करून, ते फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरातून चढवून, तो आतल्या आत मोठा दाब तयार करतो. या आतल्या कारखान्याकडून एक ओहमवर तिप्पट-चौपट प्रवाह मागितला की तो दमतो, दाब बसतो, आणि नानांचे चारशे वॅट त्या बसण्यात आणि उष्णतेत खर्ची पडतात. (खोक्यावरील आकड्यांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ नावाच्या मापात हजारो वॅट छापलेले असत आणि ते यंत्र चार पेन्सिल सेलांवर चालत असे. त्या मानाने हा अँप्लिफायर सत्यवादी हरिश्चंद्रच म्हणावयाचा.)

“बरे, आठशे तर आठशे,” नाना म्हणाले. “तीनशे आणि आठशे यांत कानाला फरक किती? डेसिबलमध्ये मांडा. सव्वाचार. आवाज दुप्पट वाटावा म्हणून दहा डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते, असे पुस्तके सांगतात. या सव्वाचारांसाठी तुम्ही यंत्राला शेवटच्या पायरीवर उभे करणार?”

“तुमचं पुस्तक बासवर लिहिलेलं न्हाई, नाना,” बाबूराव म्हणाले. “बासला सव्वाचार लई होतात. गिऱ्हाईकाच्या छातीला कळतात.”

येथे बाबूराव पुस्तकावाचून पुस्तकातलेच बोलत होते. मानवी कर्णाची समश्राव्यतेची वक्रे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली, त्यांत नीच स्वरांच्या टोकाशी त्या रेषा दाटीवाटीने एकमेकींजवळ येतात. याचा अर्थ असा की चाळीस हर्ट्‌झच्या आसपास थोडेसे डेसिबल वाढविले तरी कानाला मोठी वाढ भासते. दहाचा नियम हजार हर्ट्‌झच्या स्वराचा. तबल्याच्या चाटेला तो चालेल, ढोलाच्या थापेला नाही. कोल्हापुरात राहून ढोलाच्या थापेविषयी बाबूरावांशी वाद घालणे हे धाडसच होते. या भागात मिरवणुकीतल्या ध्वनिभिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थांनी १९६५ साली जी संस्था स्थापिली ती ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याच्या विद्येवर नावारूपास आली, आणि आमच्याकडे त्यांचेच नाव खिडक्यांची तावदाने हलविणाऱ्या यंत्रास बहाल झाले. असा नामांतराचा अन्याय क्वचितच कोणाच्या वाट्यास आला असेल.

आता मुळावर घाव घालावा असे बाबूरावांच्या मनाने घेतले असावे. त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यातून पुतण्याच्या वुफरांसारख्याच दोन वुफरांची एक बंद पेटी ओढून पुढे आणली. तिच्यातील चारही वेटोळी समांतर जोडलेली होती. मल्टीमीटर लावला, काटा नव्हे, आता आकडे दिसतात, आकडा आला ०.९. “एक म्हणतात तो एक न्हाईच बघा,” ते म्हणाले. चार ओहमचे म्हणून विकले जाणारे वेटोळे सरळ प्रवाहाने मोजले तर साडेतीनच्या आसपास भरते, यात फसवणूक नाही. चार हा आकडा नाममात्र असून प्रत्यक्षातला सर्वांत कमी संरोध त्याच्या ८० टक्क्यांच्या, म्हणजे ३.२ च्या, खाली जाऊ नये, एवढीच आंतरराष्ट्रीय मानकाची अट आहे. मग त्यांनी अँप्लिफायर जोडला, ४५ हर्ट्‌झचा एकसुरी नाद सोडला, एका मीटरने दाब मोजला आणि तारेला चिमटा मीटर लावून प्रवाह मोजला. १८ व्होल्ट, साडेचार अँपिअर. पुतण्याने भागाकार केला: चार ओहम. नाद १०० हर्ट्‌झवर नेला. १२ व्होल्ट, दहा अँपिअर; एक पूर्णांक दोन.

“तीच पेटी, तीच वायर,” बाबूराव म्हणाले. “खाली चार, वर एक पॉइंट दोन. आता सांगा नाना, ह्याला किती ओहमचा लोड म्हणायचा?”

नाना काही वेळ त्या पेटीकडे पाहत राहिले, आणि नंतर जे बोलले ते बाबूरावांना उत्तर म्हणून बोलले की स्वतःशीच, ते मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले की नुसता रोध आणि संरोध यांतला भेद हाच. ओहम हा जर्मन शाळामास्तर. त्याचा ग्रंथ १८२७ चा. त्याच्या नियमातील रोध ही स्थिर वस्तू. परंतु उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला वेटोळ्याचे प्रवर्तन अडविते, आणि वेटोळे चुंबकाच्या खाचेत हलू लागले की तेच उलट दिशेने दाब निर्माण करून येणाऱ्या प्रवाहाला पिटाळून लावते. पेटीच्या अनुस्पंदनापाशी पडदा थोड्याशा प्रोत्साहनाने पुष्कळ हलतो, म्हणून तेथे हा विरोध सर्वांत तीव्र आणि संरोध सर्वांत मोठा. या सगळ्या अडथळ्याला मिळून एक नाव हवे होते. ते १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड याने दिले, आणि तो कोण, तर न्यूकॅसलच्या कचेरीत तारा पाठविणारा एक नोकर, घरी बसून स्वतःच गणित शिकलेला. त्या कल्पनेला संमिश्र संख्यांच्या गणितात पक्के बसविणारा निबंध १८९३ साली वाचला तो आर्थर केनेली याने. “आणि हा केनेली,” नानांचा आवाज येथे किंचित चढला, “१८६१ साली जन्मला तो कोठे? मुंबईला, कुलाब्यात. तोही मूळचा तारेच्याच कामातला. पुढे एडिसनचा सहायक झाला, हार्वर्डला प्राध्यापक झाला. पण सुरुवात तारेत.”

“म्हणजे तुमच्याच खात्याचा माणूस निघाला की,” बाबूराव म्हणाले; आणि एवढे एक वाक्य त्यांनी कोणत्याही मीटरवाचून अचूक मापून टाकले होते.

यानंतर दोघांचा सूर बदलला, मत मात्र बदलले नाही. बाबूरावांचे म्हणणे असे, की ज्या अर्थी संरोध बहुतेक सुरांवर एकच्या कितीतरी वर राहतो, आणि ज्या अर्थी वेटोळे तापले की तांब्याचा रोधही चढतो (अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्का, म्हणजे शंभर अंश तापलेल्या वेटोळ्याचा ०.९ चढून सव्वापर्यंत जातो), त्या अर्थी एक ओहमला भिण्याचे कारण नाही, अँप्लिफायरला खरोखरीचा एक ओहम क्षणभरच दिसतो. नानांचे म्हणणे असे, की मग ८०० वॅटही क्षणभरच निघतात. गिऱ्हाइकाला आकडा एक ओहमचा विकावयाचा आणि निर्भयतेची हमी चार ओहमची द्यावयाची, हे एकाच शेताचे दोन सातबारे दाखविण्यासारखे आहे. मला स्वतःला नानांचे हे वाक्य त्या दिवसातले सर्वांत चांगले वाटले. पण बाबूरावांची पेटी वाजत होती आणि नानांचे वाक्य वाजत नव्हते, हाही भेद पुतण्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

निकाल शेवटी वुफरांपाशी लागला नाहीच; तो मोटारीच्या दुसऱ्या टोकाला लागला. नानांनी पुतण्याला बॉनेट उघडावयास सांगितले. लहान हॅचबॅक गाडी. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. अल्टरनेटरवर ६५ अँपिअर असा आकडा. नानांनी पुतण्याच्याच वहीत जमाखर्च मांडला. चार ओहमला ३०० वॅट काढावयाचे तर अँप्लिफायरची आतली तूट धरून साडेतीनशे वॅट आत घालावे लागतील. साडेतेरा व्होल्टांवर ते झाले २६ अँपिअर. एक ओहमला ८०० काढावयाचे तर कार्यक्षमता आणखी घसरणार. हजाराच्या वर वॅट आत. ते झाले ७९ अँपिअर. जमेच्या बाजूला एकंदर ६५, तेही इंजिन वेगात असता. आणि त्यातूनच दिवे, पंखा, वातानुकूलन, वायपर आणि इंजिनाचा स्वतःचा मेंदू यांची तैनात भागवावयाची.

“गाणं म्हणजे साइन टोन न्हवं, नाना,” बाबूराव म्हणाले. “थाप पडती, मधी मोकळं असतंय. सरासरी काढली तर ऐंशीचे दहा-पंधराच भरतात. बाकीचं बॅटरी सांभाळून घेती.”

“सरासरी दहा-पंधरा हे मान्य. पण सिग्नलवर गाडी उभी असली म्हणजे अल्टरनेटर निम्म्यावर येतो, आणि थापेच्या क्षणी दिवे मिचकावतात ते सरासरीने मिचकावत नाहीत. बॅटरी सांभाळून घेते, परंतु तिचे सांभाळणे उसनवारीचे असते.”

येथवर समसमान चालले होते. मग बाबूरावांनी पुतण्याच्या पिशवीतून केबलचे भेंडोळे काढले. बॅटरीपासून डिकीपर्यंत नेण्यासाठी पुतण्याने ते स्वस्तात पैदा केलेले होते. आठ गेजचे, लाल पारदर्शक वेष्टनाचे, दिसावयास राजबिंडे. बाबूरावांनी ते हातात तोलले, त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि ब्लेडने त्यांनी टोकाची एक तार खरवडली. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आत पांढरे चकाकले. ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. कोल्हापूर हे नकली सोने ओळखणाऱ्या सराफांचे गाव आहे, पण इतक्या तिरस्काराने कोणी सराफाने मुलाम्याकडे पाहिलेले मी पाहिले नव्हते.

“कुणी दिली तुला ही?” त्यांनी विचारले. पुतण्या गप्प.

अस्सल तांब्याच्या आठ गेजच्या पाच मीटर तारेत ७९ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच गळतात. या मुलाम्याच्या तारेत त्याच्या दीडपट, म्हणजे सव्वा व्होल्टाच्या घरात. चार गेजचे अस्सल तांबे असते तर तीच गळती चौथ्या हिश्श्यावर आली असती. जाणारी तार अशी, आणि परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून, जेथे अर्थिंगचा बोल्ट रंगावरच आवळलेला असला तर आणखी गळती. दाब पडला की अँप्लिफायर तीच शक्ती देण्यासाठी आणखी प्रवाह ओढतो, आणखी प्रवाहाने आणखी दाब पडतो; शेवटी प्रोटेक्टचा तांबडा दिवा लागतो, किंवा त्याआधी थापेचे शेंडे छाटले जातात आणि छाटलेल्या लहरीच्या उष्णतेने वेटोळे जळते. हे सर्व नानांनी सांगितले नाही, बाबूरावांनी सांगितले, दुपारपासून जो माणूस एक ओहमची वकिली करीत होता त्याच माणसाने भेंडोळे टेबलावर टाकले आणि म्हणाला, “ह्या वायरवर एक ओहम मी लावणार न्हाई. माझं नाव जातंय.”

“मग?” पुतण्याने विचारले.

“चारवर लावतो. सव्वीस अँपिअर ही रडत-रखडत नेती. पुढच्या महिन्यात चार गेज तांबं घेऊन ये, मग बोलू. आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, डिकीत न्हवं. डिकीतला फ्यूज अँप वाचवतोय. वायर कुठं पत्र्याला घासली तर गाडी वाचवायला तो बॅटरीपाशीच पाहिजे.”

नाना काही बोलले नाहीत. जिंकल्यावर न बोलणे ही त्यांची जुनी सवय; पण या वेळी आपण जिंकलो की भेंडोळे जिंकले याचा त्यांना निश्चय होत नसावा, असे मला वाटले.

चार ओहमच्याही दोन वाटा होत्या, आणि कागदावर त्या समान होत्या. बाबूरावांनी प्रत्येक वुफरची स्वतःची वेटोळी एकसर करून मग दोन वुफर समांतर करण्याची वाट धरली. तिच्यात दोघांना दाब सारखाच मिळतो आणि एक निकामी झाला तरी दुसरा वाजत राहतो. उलट वाटेने वुफर एकमेकांपुढे एकसर उभे राहतात. एकाच्या पेटीला फट पडली की दाबाची वाटणी बिघडते, एकाचे वेटोळे तुटले की दोघेही मुके. याविषयी वाद झाला नाही.

एक वुफर बाबूराव जोडू लागले तेव्हा नाना म्हणाले, “दुसरा मी जोडतो.” बाबूरावांनी मुकाट्याने वायर कापून, सोलून त्यांच्या हाती दिली. दिवस कलला होता, लेथची घरघर थांबत आली होती, आणि नाना चष्मा कपाळावर चढवून, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या बोटांनी तारेची किल्ली वाजविली त्या बोटांनी लाल-काळ्या कळा दाबून त्यांत तारा सरकवीत होते. दोन्ही पेट्या डिकीत ठेवून टोके एकत्र झाली. नानांनी स्वतः मल्टीमीटर लावला. ३.६. प्रत्येक वेटोळे ३.६ चे, दोन एकसर ७.२, दोन जोड्या समांतर पुन्हा ३.६. आकडा नेमका तोच आला. नानांनी मीटर पुतण्यापुढे धरला आणि वहीत त्या आकड्यापुढे रुजुवात झाल्याची खूण करविली.

“एकदा सेल लावून बघू,” बाबूराव म्हणाले. त्यांनी खिशातून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी काढली आणि तारांच्या टोकांना क्षणभर टेकविली. त्यांच्या वुफरचा पडदा टचकन बाहेर आला. नानांचा हलला नाही. पुन्हा टेकविली; एक पडदा बाहेर आला, दुसरा थिजल्यासारखा जागच्या जागी.

“वेटोळे तुटले?” मी विचारले.

“तुटलं असतं तर ३.६ आलं नसतं,” बाबूराव म्हणाले. ते डिकीत वाकले, बोटाने तारा चाचपल्या, आणि मग काहीही न सांगता नानांच्या वुफरच्या एका वेटोळ्याची लाल आणि काळी टोके उपसून अदलाबदल केली. दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध ओढत होती. ओहम पुरे होते, बळ शून्य होते. अँप्लिफायरची सगळी शक्ती त्यात नुसती उष्णता होऊन बसली असती.

नानांनी चष्मा खाली घेतला आणि बॅटरी मागितली. या वेळी ती त्यांनी स्वतः टेकविली. दोन्ही पडदे एकदम पुढे सरकले, आणि दुकानाच्या अंधारात ‘धप्’ असा एक लहानसा आवाज झाला. नानांनी ती आणखी एकदा टेकविली, मग आणखी एकदा, आखूड, मग लांब, मग पुन्हा आखूड. बाबूरावांना वाटले की म्हातारा अजून खातरी करून घेत आहे, आणि ते शटर ओढण्याच्या तयारीला लागले.